ओठ मिटून, उघडून, पुन्हा मिटेपर्यंत

एक छोटा प्रयोग करा. आजूबाजूला कुणी नसेल तर बरं, कारण बघणाऱ्याला तुम्ही टाकीतल्या माशासारखे दिसाल. ओठ मिटा आणि ‘म्म्म’ करत राहा. आता मधेच चिमटीत नाक धरा. आवाज बंद! म्हणजे इतका वेळ तो नाकातून येत होता. नाक सोडा, पुन्हा ‘म्म्म’ सुरू करा आणि या वेळी ओठ फटकन उघडून ‘बॉ’ म्हणा. लगेच ओठ पुन्हा मिटा, ‘प’. मिटलेले ओठ आता उघडू नका.

झालं. तुम्ही एका गाण्याचं नाव उच्चारलंत. ‘म्म्मबॉप’.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तिथल्या तीन सख्ख्या भावांनी हे गाणं लिहिलं आणि गायलं. थोरला आयझॅक हॅन्सन गिटार वाजवायचा, मधला टेलर कीबोर्ड वाजवत मुख्य आवाज द्यायचा आणि धाकटा झॅक ड्रमवर बसायचा. २४ मे १९९७च्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत हे गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं. जूनमध्ये ब्रिटनमध्येही तेच झालं. तेव्हा आयझॅक १६ वर्षांचा होता, टेलर १४ आणि झॅक ११. आपल्याकडे ज्या वयात मुलांना सातवीच्या घटक चाचणीची काळजी असते, त्या वयात झॅकच्या नावावर अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकाचं गाणं होतं.

एवढं गाजलेलं गाणं, मग त्याची वकिली कशाला? कारण त्याला शत्रू कमी आहेत आणि कोमट मित्र फार. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. ‘हो हो, ते! गोड आहे. एकदा ऐकलं की डोक्यातून जात नाही. अर्थ काही नाही म्हणा त्याला.’ हॅन्सनचे कट्टर चाहतेही फार वेगळं बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, खरे हॅन्सन नंतरच्या अल्बममध्ये भेटतात; म्म्मबॉप म्हणजे बारशाच्या दिवशीचा फोटो, भिंतीवर असू द्यावा इतकंच. शिव्या देणाऱ्याशी भांडता तरी येतं. ‘बरं आहे’ म्हणणाऱ्याशी कसं भांडणार?

तरी भांडतो. गेल्या तीस वर्षांत सगळ्यांत जास्त कानावर पडलेल्या आणि सगळ्यांत कमी ऐकल्या गेलेल्या गाण्यांत म्म्मबॉपचा नंबर फार वरचा आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि ज्या शब्दाला लोक निरर्थक म्हणतात, त्यातच या गाण्याचा सगळा अर्थ भरलेला आहे.

आधी कबुली देतो. मीही कोमटांपैकीच होतो. १९९७ साली केबलवर हे गाणं दिवसातून चार वेळा लागायचं. खांद्यापर्यंत केस असलेली ती तीन मुलं बघून आमच्या वसतिगृहात पहिला वाद झाला तो हा, की यात मुली किती. त्यापुढे कुणी गेलंच नाही. मग मध्ये पाव शतक गेलं. एक दिवस केस कापायला खुर्चीत बसलो होतो. कारागीर मागच्या बाजूला आरसा धरून, उरलेले केस कुठून कुठे वळवले तर बरे दिसतील याचा नकाशा मला समजावत होता. दुकानातल्या स्पीकरवर म्म्मबॉप सुरू होतं. ध्रुवपद अजून यायचं होतं आणि पहिल्याच कडव्यात तो मुलगा चक्क केस गळण्याबद्दल काहीतरी गाऊ लागला. मी आरशात बघितलं. गाणं माझ्याचबद्दल चाललं होतं!

घरी येऊन सगळे शब्द वाचले आणि चाटच पडलो. गाण्याचा मथितार्थ असा. आयुष्यात माणसं पुष्कळ येतात, पण टिकतात एक-दोन. बाकीच्यांशी भांडणं होतात, अंतर पडतं, ती निघून जातात. तेव्हा ज्यांना तुमची खरोखर पर्वा आहे त्यांना घट्ट धरा, कारण शेवटी तीच उरणार. पुढे पेरणीचं रूपक येतं. बी कुठलंही रुजवा, त्यातून कोणतं फूल येईल ते आधी सांगता येत नाही. गाणं ऐकणाऱ्याला एक प्रश्नही विचारतं, सांग बघू, तुझ्याजवळ कोण राहील? आणि त्याचं उत्तर स्वतःच देतं, तुला सांगता येणार नाही, कारण तुला ते माहीतच नाही. हे तत्त्वज्ञान पन्नाशीतल्या माणसाला मित्राच्या तेराव्यावरून परत येताना सुचावं. इथे ते शाळकरी मुलांना सुचलं होतं.

आणि म्म्मबॉप म्हणजे? सगळं इतक्या वेळात संपतं की ज्याला म्म्मबॉप म्हणावं. या भावंडांनी पुढे मुलाखतींत ते उलगडून सांगितलं आहे: म्म्मबॉप हे काळाचं माप आहे, आयुष्याच्या क्षणभंगुरपणाचं नाव आहे. मराठी माणसाला हे समजायला अजिबात जड जाऊ नये. आपल्याकडे हे माप हजारो वर्षांपासून आहे. पापणी मिटून उघडायला लागतो तो वेळ म्हणजे निमिष, आणि ‘निमिषात नाहीसा झाला’ असं आपण आजही म्हणतो. पापणी लवायला सेकंदाचा दहावा ते चार दशांश भाग लागतो. म्म्मबॉपची लय मिनिटाला साधारण शंभर ठोक्यांची आहे, म्हणजे एका ठोक्याला सेकंदाचा सहा दशांश भाग. मापं जवळजवळ सारखीच. आपण डोळ्यांवरून मोजलं, टल्साच्या पोरांनी ओठांवरून.

आता बाराखडीकडे वळू. इंग्रजी वाचणाऱ्याला जे सहज दिसत नाही, ते आपल्याला दिसतं, कारण आपली वर्णमाला तोंडाच्या नकाशावरून रचलेली आहे. क-ख-ग कंठातून निघतात, त-थ-द दातांशी, आणि प-फ-ब-भ-म ओठांशी. म्म्मबॉपमधली तिन्ही व्यंजनं पवर्गातली, तिन्ही ओष्ठ्य. जीभ आरामात पडून राहते, सगळं काम ओठच करतात.

त्यांचा क्रमही बघण्यासारखा आहे. पहिला ‘म’. ओठ बंद, नाक उघडं, आत घशात स्वरतंतू थरथरताहेत. या तिघांत हा एकच ताणता येतो. दम असेपर्यंत गुणगुणत राहा. मग ‘ब’. आत कोंडलेली हवा ओठ उघडून बाहेर उसळते. हा ताणता येत नाही, एकदा फुटतो आणि झालं. त्याच्या पाठीवर ‘ऑ’ येतो, आणि अख्ख्या शब्दात तोंड फक्त त्या एका स्वरापुरतं उघडं असतं. शेवटी ‘प’. पुन्हा तेच ओठ मिटतात, पण या वेळी स्वरतंतूही थांबतात. ‘ब’ घोष आहे आणि ‘प’ अघोष, असं शाळेत पाठ केलं होतं ना, त्याचा हा उपयोग. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी येणारा ‘प’ पुष्कळदा सोडलाही जात नाही. ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. म्हणजे शेवटच्या व्यंजनाला स्वतःचा आवाज जवळजवळ नाहीच. तो म्हणजे आवाज थांबण्याची जागा.

मिटलेल्या अंधारात गुणगुण, मग एकदम उजेड, आणि लगेच पुन्हा मिटणं. आयुष्य किती छोटं असतं हे सांगायला शब्द हवा होता, आणि पोरांनी असा शब्द काढला की तो म्हणताना तोंड तीच गोष्ट करून दाखवतं. हे त्यांनी व्याकरण मांडून केलं असेल असं मी मुळीच म्हणत नाही. जिभेला जे आवडलं ते त्यांनी गायलं. पण कानाला जे बरोबर वाटतं त्यामागे बरेचदा असं काहीतरी असतंच.

अजून एक गंमत. जगभरातल्या तान्ह्या मुलांच्या तोंडून सगळ्यांत आधी जी व्यंजनं येतात त्यांत म, ब आणि प हमखास असतात. ओठ मिटणं-उघडणं ही दूध पिणाऱ्या जिवाला आधीपासून येणारी कसरत. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी आई-वडिलांसाठीचे शब्द इतक्या भाषांत सारखे का, यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचं मूळ इथेच आहे. आपल्या घरात बघा. मम्मी, बाबा, पप्पा, मामा. भूक लागली की ‘मम्मं’, तहान लागली की ‘भूं’, गालावर ‘पापा’. सगळा पवर्ग! बाळाला आलेल्या पहिल्याच अक्षरांतून या तिघांनी म्हातारपणाचं गाणं केलं.

‘पण निरर्थक शब्द गायचे म्हणजे पोरकटपणाच की,’ असं कुणी म्हणेल. तसं म्हणणाऱ्याने संगीताचा फार मोठा भाग बाजूला काढून ठेवायची तयारी करावी. १९२६ साली लुई आर्मस्ट्राँगने ‘हीबी जीबीज’ या गाण्यात शब्द सोडून नुसते उच्चार गायले आणि जॅझमधल्या या प्रकाराला लोकप्रियता मिळाली. १९५०च्या दशकात न्यू यॉर्क, फिलाडेल्फियाच्या नाक्यांवर गरीब घरांतली मुलं घोळक्याने गायची. वाद्यं घ्यायला पैसे नव्हते, मग एकाने तोंडाने बास वाजवायचा, दुसऱ्याने ड्रम, तिसऱ्याने ट्रम्पेट. त्या उच्चारांतूनच त्या शैलीला ‘डू-वॉप’ हे नाव पडलं. १९५४ सालच्या ‘श-बूम’चं तर शीर्षकच असं आहे. हे शब्द मुळात शब्द नव्हतेच, ती न परवडलेली वाद्यं होती.

आपल्याकडे याच कलेला तराणा म्हणतात आणि मान डोलावून दाद देतात. उस्ताद अमीर खाँ तर त्याच्याही पुढे गेले. तराण्यातल्या बोलांमागे फारसी आणि सूफी अर्थ दडलेला आहे, असं त्यांचं प्रतिपादन होतं. तेवढं दूर जायचं नसेल तर पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांकडे या. १९५७च्या ‘आशा’ चित्रपटातलं ‘ईना मीना डीका’ सगळ्यांना येतं. गोष्ट अशी सांगतात की खोलीबाहेर मुलं खेळताना राज्य कुणावर येणार हे ठरवायचे बोल म्हणत होती, ते कानावर पडून पहिली ओळ सुचली, आणि सी. रामचंद्रांचे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात ‘मला नको’ अशा अर्थाची कोकणी भर घातली. साठ-सत्तर वर्षं आपण ते आनंदाने गातो आहोत. त्याचा अर्थ मागायला कुणी आलेलं नाही.

हॅन्सन भावंडांनी हा वारसा आयताच उचलला. त्यांचे वडील तेल-उत्खननाच्या व्यवसायातल्या कंपनीत होते. त्या नोकरीमुळे कुटुंब वर्षभर दक्षिण अमेरिकेच्या बाजूला राहिलं. मुलं घरीच शिकत होती, आणि करमणुकीला सोबत होता जुन्या रॉक अँड रोल गाण्यांचा संग्रह, चक बेरीच्या जमान्यातला. म्हणजे १९९०च्या दशकातली ही मुलं कानांनी १९५८ सालात वाढली. १९९२पासून टल्साच्या कार्यक्रमांत ती गाऊ लागली, सुरुवातीला वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर. नाक्यावरच्या त्या पोरांसारखीच.

म्म्मबॉपचा जन्मही असाच, आडवाटेने झाला. पहिला घरगुती अल्बम करत असताना एका वेगळ्याच गाण्याच्या मागे गुणगुणायला काहीतरी हवं होतं. तेव्हा हे ध्रुवपद सुचलं. त्या गाण्यात ते बसलं नाही, पण डोक्यातून गेलंही नाही. पुढे त्याला कडवी मिळाली आणि १९९६ साली भावांनी स्वतःच काढलेल्या दुसऱ्या अल्बममध्ये ते पूर्ण गाणं म्हणून आलं. ते जुनं ध्वनिमुद्रण १९९८च्या ‘थ्री कार गॅराज’ या संग्रहात आहे, आणि कोमट मताच्या प्रत्येक माणसाला मी ते औषधासारखं देतो. त्यात लय संथ आहे. चकचकीतपणा नाही. आणि शब्द तेच असूनही गाणं उघड उदास वाटतं. तीन मुलं अंधार पडल्यावर अंगणात बसून, कोण सोडून जाईल याबद्दल बोलताहेत असं.

मग हे ध्वनिमुद्रण मर्क्युरी रेकॉर्ड्सच्या स्टीव्ह ग्रीनबर्ग यांच्या हाती पडलं. त्यांना वाटलं, यात काहीतरी बनाव आहे. मुलं काही इतकं चांगलं गाऊ-वाजवू शकत नाहीत. खात्री करायला ते एका जत्रेत त्यांचा कार्यक्रम ऐकायला गेले, बनाव सापडला नाही, आणि करार झाला. नव्या ध्वनिमुद्रणासाठी आणली गेली डस्ट ब्रदर्स ही निर्मात्यांची जोडी. हे दोघे कोण? १९८९ साली बीस्टी बॉइजचा ‘पॉल्स बुटीक’ आणि १९९६ साली बेकचा ‘ओडिले’ घडवणारे. जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवावी तसं संगीत शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढे स्टीफन लिरोनी यांनी त्यावर शेवटचा हात फिरवला.

आता १९९७चं गाणं हेडफोन लावून ऐका. गिटारच्या मागे तबकडी हाताने मागे-पुढे घासल्याचा तो ‘झ्विक्‌-झ्विक्‌’ आवाज येतो. लहान मुलांच्या गोड गाण्यात हिप-हॉपचा हा मसाला कुणी टाकला, असा प्रश्न पडलाच तर उत्तर वर आहे. लय वाढवली, सगळं उजळवलं, आणि उदासी खाली, तळाशी जाऊन बसली. कैरीच्या लोणच्यात गूळ घालतात तसं झालं. आंबटपणा कुठे जात नाही, फक्त जिभेला कळायला वेळ लागतो.

ध्रुवपदाचा ठेका हा आणखी एक चकवा. वाटतं अगदी सोपं, पण त्यातले बरेच उच्चार ठोक्यावर पडत नाहीत, दोन ठोक्यांच्या फटीत पडतात. हाताने सरळ टाळी धरून गाऊन बघा, तिसऱ्या उच्चाराला तुम्ही टाळीवर येऊन आपटाल. खुद्द भावंडांची तक्रार आहे की इतर लोक हे गाणं करायला घेतात तेव्हा ध्रुवपदाचा ठेका नेमका चुकवतात. बालगीत म्हणून ज्याची बोळवण केली जाते, ते मोठमोठ्यांना धड गाता येत नाही.

आणि ते तीन आवाज. तुमच्या मित्राच्या घरी फोन केल्यावर त्याच्या भावालाच तो समजून तुम्ही पाच मिनिटं बोलला आहात का? मग तुम्हाला हे रहस्य अर्धं ठाऊक आहे. माणसाचा आवाज स्वरतंतूंत जन्मतो, पण त्याचा रंग ठरतो घसा, टाळू, नाक आणि जबड्याच्या पोकळीच्या आकारावरून. भावंडांना हा साचा एकाच घरातून मिळतो. शिवाय स्वर लांबवण्याची, शब्द चावण्याची लकब एकाच स्वयंपाकघरात शिकलेली असते. त्यामुळे ते एकत्र गातात तेव्हा आवाजांच्या कडा एकमेकींत विरघळतात. एव्हर्ली ब्रदर्स, बी जीज यांच्यात जी जादू आहे ती हीच. म्म्मबॉपमध्ये तीन वेगवेगळ्या वयांचा एकच आवाज गातोय असं वाटतं.

यातला मुख्य आवाज टेलरचा, आणि माझ्या मते या गाण्याचं खरं आश्चर्य तिथे आहे. मुलगा वयात येऊ लागला की स्वरयंत्र वाढतं, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. जाड तार सावकाश थरथरते. लहान मुलाचा बोलण्याचा आवाज सेकंदाला साधारण २५० कंपनांच्या आसपास असतो, प्रौढ पुरुषाचा १२०च्या. म्हणजे काही महिन्यांत गळा जवळजवळ एक सप्तक खाली घसरतो. आपण त्याला ‘आवाज फुटला’ म्हणतो. भांडं फुटावं तसा. आपल्या संगीत नाटकमंडळ्यांनी स्त्री-भूमिका करणाऱ्या पोरांच्या बाबतीत याच दिवसाची धास्ती घेतलेली होती.

टेलर हे गाणं गायला तेव्हा तो या उंबरठ्यावर उभा होता. वरच्या पट्टीत तो जोर लावतो तेव्हा आवाजाला किंचित खरखर येते, कडा उसवल्यासारख्या होतात. त्याच वर्षाच्या अखेरीला भावांचा नाताळगीतांचा अल्बम आला, त्यात तो आवाज खाली सरकलेला कळतो. म्हणजे सगळं चुटकीसरशी निघून जातं असं सांगणारा आवाज स्वतःच निघून चालला होता. वर्षभर उशीर झाला असता तर हे गाणं असं मिळालंच नसतं. पडद्यामागचा कुठलाही निर्माता हा योग जुळवून आणू शकला नसता.

डू-वॉपच्या इतिहासात अशी एक जुनी, दुखरी गोष्ट आहे. फ्रँकी लायमन हा न्यू यॉर्कचा मुलगा ‘टीनएजर्स’ या गटात गायचा. १९५६ साली ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ गाजलं तेव्हा तो १३ वर्षांचा होता. त्याचा आवाज फुटला, मागणी ओसरली, व्यसन लागलं, आणि १९६८ साली, २५व्या वर्षी तो गेला. हॅन्सन भावंडं ज्या संगीतावर वाढली त्याच संगीतातली ही गोष्ट. ज्या मुलाचा सगळा मान त्याच्या कोवळ्या गळ्यावर उभा आहे, त्याला जग किती पटकन विसरतं, हे तिच्यात आहे. म्म्मबॉप नेमका तोच प्रश्न विचारतं, आणि नाचत नाचत विचारतं.

गाण्याला दाद मिळालीच नाही असं नाही. ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यू यॉर्कच्या साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या वार्षिक कौलात १९९७चं सर्वोत्तम सिंगल म्हणून हेच निवडलं गेलं. ज्यांचं कामच नाक मुरडणं आहे, त्यांनी ते उचलून धरलं! १९९८च्या ग्रॅमीसाठी भावांना तीन नामांकनं होती, त्यांत ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ही होतं. मिळालं एकही नाही. उलट, डिसेंबर १९९७मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’वर एक प्रहसन झालं, त्यात या तिघांना लिफ्टमध्ये कोंडून त्यांचंच गाणं पुन्हा पुन्हा ऐकवण्याची शिक्षा दिली होती. तिघांनी स्वतः त्यात हसत हसत काम केलं. समीक्षकांची दाद विसरली गेली आणि ती लिफ्ट तेवढी लोकांच्या लक्षात राहिली.

वकिली करतो म्हणून अशिलाचे दोष झाकणार नाही. गाणं साडेचार मिनिटांच्या आसपास आहे आणि शेवटची काही आवर्तनं खरंच कमी करता आली असती. पेरणीचं रूपक नवं नाही. कडव्यांतले शब्द धावत्या लयीत इतके गिळले गेलेत की अर्थ पोचला नाही याचा निम्मा दोष गाणाऱ्यांचाच. मीही पंचवीस वर्षं त्यात सापडलो होतो, तेव्हा कुणाला नावं ठेवायचा मला हक्क नाही.

पण ‘अर्थ नाही’ हे मात्र आता मागे घ्या. आणि ‘लहान मुलांचं आहे’ हे तर कौतुक म्हणूनच म्हणा. मोठ्यांनी क्षणभंगुरतेवर गाणं लिहिलं असतं तर ते संथ, खर्जातलं आणि स्वतःवर खूश असलेलं झालं असतं. उशीर झाल्यावर शहाणं होणं सगळ्यांना जमतं. ही मुलं वेळेआधी शहाणी झाली आणि तरीही उड्या मारत राहिली.

एक विनंती आहे. आज रात्री आधी १९९६चं संथ रूप ऐका, मग लगेच १९९७चं. दुसऱ्या खेपेला ध्रुवपदाकडे दुर्लक्ष करा आणि फक्त कडव्यांत टेलरचा गळा कुठे खरखरतो ते पकडा. गाणं संपल्यावर, ज्या एका मित्राला बरेच दिवस फोन करायचा राहून गेला आहे, त्याला फोन करा. गाणं एवढंच सांगतं.

ते तिघे भाऊ आजही एकत्र आहेत. २००३ साली त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, आणि मोठ्या कंपनीच्या आश्रयाशिवाय ते गात राहिले. कार्यक्रमात म्म्मबॉप अजूनही होतं. फक्त आता ते खालच्या पट्टीत गातात.